तंबू खाणारी बुरशी

आमच्या घराच्या माळ्यावर एक ताडपत्री असे. हल्लीच्या निळ्या प्लास्टिकची नव्हे. जाड सुती कापडाची, मेणचट वासाची. कापूस जिनात नेताना गाडीवर घालायला वडिलांनी ती अकोल्याच्या बाजारातून आणली होती आणि घरात तिला जवळजवळ बैलजोडीइतकाच मान होता. एका वर्षी मृगाच्या तोंडावर ती खाली काढली, तर घडीच्या जागी कापड हातातच फाटत गेले. वर काळे-हिरवे ठिपके, वास ओल्या मातीचा. “सडली,” एवढेच वडील म्हणाले. मधल्या पावसाळ्यात कवेलूतून गळती लागली होती, ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

कापड सडते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला बऱ्याच वर्षांनी, १९८४ साली, पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम. एस्सी.ला असताना. मार्गदर्शकांनी प्रबंधासाठी माझ्या हाती एक काचनळी ठेवली. आत तिरप्या अगारवर हिरव्या बीजाणूंची पूड पसरलेली. चिठ्ठीवर लिहिले होते ‘ट्रायकोडर्मा रिसी, क्यूएम ९४१४’. क्यूएम म्हणजे काय, असे मी विचारले. “क्वार्टरमास्टर,” सर म्हणाले, “अमेरिकन लष्कराचं कोठार खातं.” पऱ्हाटीपासून इंधन करायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातात लष्करी कोठाराची बुरशी कशी आली, याचा शोध मी त्यानंतर अनेक वर्षे फावल्या वेळात घेत राहिलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

१ नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकी फौजा पॅसिफिकमधल्या बूगनव्हिल बेटावर उतरल्या. सॉलोमन द्वीपमालिकेतले हे बेट. बारमाही पाऊस, दाट जंगल, हवेत कायम दमटपणा. तिथे जपान्यांखेरीज आणखी एका शत्रूशी गाठ पडली. तंबू, पट्टे, पिशव्या, वाळूची पोती, जे जे सुती होते ते सगळे अल्पकाळात कुजू लागले. हा प्रकार एकट्या बूगनव्हिलचा नव्हता, न्यू गिनीपासून ब्रह्मदेशापर्यंत सगळीकडे हीच तक्रार होती. कोठार खात्याने मग फिलाडेल्फियाच्या आपल्या डेपोत एक संशोधन गट उभा केला. जगभरातून कुजक्या साहित्याचे नमुने मागवायचे, त्यावरची बुरशी वेगळी काढायची, तिला क्रमांक द्यायचा आणि ती काय खाते ते पाहायचे, असे हे काम. बूगनव्हिलहून आलेल्या एका सडक्या तंबूच्या तुकड्यावरची बुरशी ‘क्यूएम ६ए’ या क्रमांकाने नोंदली गेली. आज जगात सेल्युलोज फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करणाऱ्या कारखान्यांत ट्रायकोडर्मा रिसीचे जे वाण वापरतात, ते सगळे या एका तुकड्यावरच्या बुरशीचे वंशज आहेत.

या गटात एल्विन रीस नावाचा एक शास्त्रज्ञ होता. त्याला नेमून दिलेले काम साधे होते: कापड वाचव. त्याची उत्तरेही लवकरच हाताशी आली. कापडाला तांब्याच्या संयुगांचा हात द्यावा, जमेल तिथे सुताऐवजी कृत्रिम धागा वापरावा. लष्कराचा प्रश्न तिथे जवळपास मिटला. रीसचा मिटला नाही. त्याला कोडे पडले होते ते वेगळेच. सेल्युलोज रसायनाने मवाळ करून, पाण्यात विरघळेल असे करून दिले, तर कितीतरी बुरश्या ते खातात; पण साधा कापसाचा धागा समोर ठेवला की त्यांतल्या बहुतेक हात टेकतात. क्यूएम ६एसारख्या मोजक्याच कापूस खातात. असे का?

हे समजायला सेल्युलोजची घडण थोडी पाहावी लागेल. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि ज्वारीच्या कडब्यातले सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा आहेत. फरक आहे तो मणी ओवण्याच्या पद्धतीत. स्टार्चमध्ये ते असे जोडलेले असतात की माळ वळते, सैल राहते आणि आपली लाळही तिला तोडू शकते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी आधीच्याच्या उलट बाजूने बसतो. त्यामुळे माळ सरळसोट होते, शेजारच्या माळांना घट्ट चिकटते आणि पाण्याचा थेंबही आत शिरू नये असा जुडगा तयार होतो. एकाच ताटाचा दाणा आपण खातो आणि कडबा बैल खातो, तो एवढ्याशा फरकाने. बैलालाही तो स्वतःला पचत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात आणि बैल त्यांच्या जिवावर जगतो.

१९५० साली रीसने आपल्या दोन सहकाऱ्यांसह एक कल्पना मांडली. कापूस खाणाऱ्या बुरशीजवळ दोन तऱ्हेची विकरे असावीत. पहिले, ज्याला त्याने ‘सी-वन’ म्हटले, ते जुडगा उसवते; दुसरे, ‘सी-एक्स’, सुट्या झालेल्या माळा कापते. दुसरे अनेकांजवळ असते, पहिले थोड्यांजवळच. पुढे पंचवीस वर्षे जगभर या सी-वनचा पाठलाग झाला. सत्तरच्या दशकात ते शुद्ध स्वरूपात हाती आल्यासारखे वाटले, तर निघाले भलतेच: माळेच्या टोकापासून दोन-दोन मणी तोडत जाणारे साधे कापणारे विकर. उसवणारे असे काही नाहीच, असे मग पाठ्यपुस्तके सांगू लागली. मीही तेच शिकलो आणि तीस वर्षे तेच शिकवले. २०१० नंतर मात्र चित्र पालटले. ज्यांना आधी दुबळी सेल्युलेजे समजून बाजूला टाकले होते अशी काही प्रथिने ऑक्सिजनच्या मदतीने घट्ट जुडग्यावरच घाव घालतात आणि इतरांना आत शिरायला वाट करून देतात, हे सिद्ध झाले. रीसच्या जुन्या कल्पनेशी त्यांचे नाते इतके जवळचे होते की अनेक अभ्यासकांना त्याची आठवण झाली. तो स्वतः १९९३ सालीच गेला होता. या प्रथिनांचे काम चालते ते त्यांच्या गाभ्यातल्या तांब्याच्या अणूवर. तंबू वाचवायला लष्कराने कापडाला फासले तेही तांबेच. हे कळले त्या दिवशी मी घरात एकटाच हसत बसलो होतो.

पन्नासच्या दशकात हा गट मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक या गावी नव्या लष्करी प्रयोगशाळेत गेला आणि तिथे मेरी मॅंडेल्स ही वनस्पतिशास्त्रज्ञ रीसची सहकारी झाली. या इतिहासात रीसचे नाव पुढे येते. १९७७ साली बुरशीचे बारसे झाले तेही त्याच्याच नावाने. पण माझ्या मते निम्मे श्रेय मॅंडेल्सचे आहे. या बुरशीचा स्वभाव तिने ओळखला.

तो स्वभाव असा. बुरशी विकर बनवते ते समोर सेल्युलोज असेल तरच. पण सेल्युलोज न विरघळणारे, ते पेशीच्या आत जाणार कसे आणि तिला कळणार कसे? मॅंडेल्स आणि सहकाऱ्यांना १९६२ मध्ये याचा एक धागा सापडला. बाजारातल्या ग्लुकोजमध्ये अशुद्धी म्हणून असणाऱ्या सोफोरोज नावाच्या शर्करेचा अगदी कण मिळाला तरी बुरशी धडाधड विकर बनवू लागते. दुसरीकडे, भरपूर ग्लुकोज समोर आला की ती विकर बनवणेच थांबवते. ऐते मिळत असताना कष्ट कोण करील? जंगलात हे शहाणपणच. कारखान्यात मात्र हाच अडसर, कारण तिथे ग्लुकोजच तर हवा असतो. नॅटिकमध्ये बीजाणूंवर किरणांचा मारा करून जास्त विकर देणारे वाण काढले गेले; माझ्या काचनळीतले ९४१४ त्यांतलेच. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी रटगर्स विद्यापीठात मॉंटेनकोर्ट आणि एव्हली यांनी ग्लुकोज असतानाही काम न थांबवणारे ‘रट-सी ३०’ हे वाण मिळवले. तो या साऱ्या धंद्याचा खरा पाया.

मधल्या काळात एक मोठी उलथापालथ झाली होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि जे कुजणे थांबवण्यासाठी नॅटिकची माणसे पगार घेत होती, तेच कुजणे वाढवण्यासाठी त्यांना पैसा मिळू लागला. रद्दी, लाकडाचा भुसा, मक्याची ताटे यांपासून साखर, साखरेपासून अल्कोहोल. कल्पना नवी नव्हती. १८१९ मध्येच ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चिंध्या गंधकाम्लात घालून साखर काढली होती आणि १९१० मध्ये अमेरिकेत लाकडापासून आम्लाने अल्कोहोल करणारा कारखानाही निघाला होता. पण आम्ल भांडी खाते आणि झालेली साखरही जाळते. विकर हे करत नाही, ते मऊ हाताने काम करते.

इथे या गोष्टीला भारत येऊन मिळतो. तरुण घोष, म्हणजे टी. के. घोष, साठच्या दशकाच्या शेवटी नॅटिकच्या बुरशीवरच काम करून आले आणि पुढे दिल्लीच्या आयआयटीत त्यांनी जीवरसायन अभियांत्रिकी उभी केली. १९७७ च्या फेब्रुवारीत या विषयावरची एक आंतरराष्ट्रीय परिषद दिल्लीत भरली. घोषांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र दिसायला अगदीच किरकोळ आहे. विकराची ताकद प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या गजाने मोजत असे, त्यामुळे कोणाचे आकडे कोणाशी जुळत नसत. मॅंडेल्सने १९७६ मध्ये फिल्टर पेपरची पट्टी वापरून एक पद्धत दिली होती. तिला घोषांनी १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेतर्फे पक्के रूप दिले. व्हॉटमन नंबर एकच्या कागदाची एक सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम. ५० अंश सेल्सियसला एक तास. किती साखर सुटली ते मोजा. या क्षेत्रात काम करणारा माणूस ब्राझीलचा असो की फिनलंडचा, त्याने आयुष्यात कधी ना कधी या पट्ट्या कापलेल्या असतात. त्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या वेगळ्या बुरशीवर चांगले काम चालले होते. ट्रायकोडर्मात शेवटची दोन मण्यांची जोडी फोडणारे विकर कमी पडते. या पेनिसिलियमजवळ तेही होते.

मीही पट्ट्या कापल्या. नंतर पट्टीच्या जागी गावाकडून आणलेल्या पऱ्हाटीचा भुगा घातला आणि पहिल्या प्रयोगात जवळजवळ काहीच साखर मिळाली नाही. कागद म्हणजे धुतलेले सेल्युलोज. पऱ्हाटीत त्याच्याभोवती लिग्निनचा लेप असतो, भिंतीतल्या विटांना सिमेंटने लिंपावे तसा. तो आधी फोडावा लागतो. मी भुगा सोड्यात उकळला, तेव्हा कुठे साखर दिसू लागली. कारखान्यात हेच सौम्य आम्ल, वाफ आणि दाब यांनी करतात. दाब एकदम सोडला की काडी लाहीसारखी फुलते. पुढे मला कळत गेले की या धंद्याचा खर्च आणि कटकटी यांचा मोठा वाटा या आधीच्या पायरीत आहे. बुरशीने आपले काम कधीच चोख केले होते.

प्रबंधाच्या अखेरीस मी लिहिले की, दहा वर्षांत विदर्भातल्या पऱ्हाटीवर वाहने धावतील. ते वाक्य मला फार आवडले होते. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मायला ते समजावून सांगितले. ती चुलीपुढे बसली होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग चुलीत काय घालू रे, बाबू?”

मी काहीतरी उत्तर दिले असेल. आज ते आठवत नाही, तिचा प्रश्न आठवतो. आमच्याकडे पऱ्हाटी आणि तुराट्या म्हणजे वर्षभराचे सरपण, कुडाची भिंत, गोठ्याचे कुंपण. हरभऱ्या-तुरीचे कुटार बैलांना. ज्वारीच्या कडब्याला तर दुष्काळात दाण्याहून भाव. ज्या वस्तूला माझ्या प्रबंधात पानोपानी ‘टाकाऊ’ म्हटले होते, तिचा एकही भाग आमच्या घरात टाकला जात नव्हता. तो शब्द मी इंग्रजी निबंधांतून तसाच उचलला होता. आयोवातल्या हजार एकरांच्या शेतात मका काढल्यावर जे उरते, त्याला तो शोभतही असेल.

त्या आयोवातच या स्वप्नाची सर्वांत मोठी परीक्षा झाली. २००७ च्या अमेरिकी कायद्याने उद्दिष्ट ठेवले की २०२२ पर्यंत वर्षाला १६ अब्ज गॅलन जैवइंधन सेल्युलोजपासून व्हावे. विकरांच्या कंपन्यांनी किमती खाली आणल्या. २००८ मध्ये बुरशीचा सारा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा आश्चर्य वाटले ते असे की सेल्युलोज फोडणाऱ्या जनुकांची संख्या तिच्यात इतर अनेक बुरश्यांपेक्षा कमीच आहे; थोड्याच हत्यारांवर ती एवढी कर्तबगारी करते. सप्टेंबर २०१४ मध्ये आयोवातल्या एमेट्सबर्गचा कारखाना सुरू झाला, तेव्हा नेदरलंड्सचे राजेही हजर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅन्ससमधल्या ह्यूगटनचा आणि २०१५ मध्ये आयोवातल्याच नेवाडा गावचा ड्युपॉंटचा, वर्षाला ३ कोटी गॅलन क्षमतेचा. ह्यूगटनचा मालक २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेला, ड्युपॉंटने २०१७ मध्ये कारखाना बंद केला, एमेट्सबर्गचे इंधन उत्पादन २०१९ च्या अखेरीस थांबले. उद्दिष्टाच्या जवळपासही कोणी पोचले नाही. तेल स्वस्त झाले, हे एक कारण. पण दुसरे कारण शेतकऱ्याच्या मुलाला लगेच कळेल असे आहे. ताटांच्या गठ्ठ्यांबरोबर माती आणि खडे येतात, ते यंत्रांना झिजवतात. प्रत्येक गठ्ठ्याचा ओलावा निराळा, म्हणून पोचवणारे पट्टे तुंबतात. हंगाम काही आठवड्यांचा आणि साठवण वर्षाची, ती कधी कुजते, कधी पेटते. साठवलेल्या गठ्ठ्यांना आपापल्या वेळेआधी कुजवणारेही शेवटी बुरशीचेच भाऊबंद.

आपल्याकडे २०१८ च्या जैवइंधन धोरणाने या मार्गाला बळ दिले आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावर चालणारा प्रकल्प सुरू झाला. जागा पानिपत, हे नाव मराठी कानाला जरा जपूनच ऐकावे लागते. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा हिशेब. म्हणजे टनामागे दीडशे लिटर. जागेची निवड मला पटते. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा जनावरे फारशी खात नाहीत. भूजल वाचवण्यासाठी २००९ च्या कायद्यांनी भाताची लावणी उशिरा ढकलली, त्यामुळे भात काढणे आणि गहू पेरणे यांत जेमतेम काही आठवडे उरले. शेतकरी काडी लावून मोकळा होतो आणि धूर दिल्लीला जातो. तिथे तो पेंढा खरोखरच नकोसा झालेला आहे, तिथे त्याला दुसरा मालक नाही.

महाराष्ट्रात तसे नाही, आणि आपल्या चर्चांत हा फरक पुसला जातो अशी माझी तक्रार आहे. देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, त्याचा गाजावाजा झाला. पण ते जवळपास सगळे उसाचा रस, मळी, तांदूळ आणि मका यांपासून आलेले आहे, काडीकचऱ्यातून नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसावर एकाएकी बंधने आली, तेव्हा आपल्या कारखान्यांना खाण्याच्या वस्तूवर इंधन उभारण्यातला धोका कळला. मग चिपाडावर नजर जाते. पण चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते, त्यावर वीज होते, ती विकली जाते. पाचट शेतात ठेवले तर जमिनीला लागते. राहिली पऱ्हाटी.

पऱ्हाटीची स्थिती मात्र आता बदलली आहे. गावात गॅस आला, सिमेंटच्या भिंती आल्या, बैल घटले. शेतात आणि बांधावर पडून राहणाऱ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, म्हणून कृषी खातेच सांगते की ती वेळेत उपटा. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तिच्यापासून दाबीव फळ्या करण्याची पद्धत दिलेली आहे. म्हणजे मायच्या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांत थोडे इकडे सरकले आहे. पूर्ण नाही. सिलिंडर संपला आणि भरायला पैसे नसले की चूल अजून पेटते, हे मी गेल्याच वर्षी माझ्या चुलतभावाच्या घरी पाहिले.

त्याच घरात आणखी एक वस्तू दिसली. ओसरीच्या कोनाड्यात ट्रायकोडर्माची पुडी. हरभऱ्याला मर रोग लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला चोळायची आणि उरली तर शेणखताच्या ढिगात मिसळायची. रिसीच्या कुळातली ही दुसरी जात. तंबूशी हिचा संबंध नाही, पण भाऊकी तीच. मी पुडी हातात घेऊन त्याला बूगनव्हिलपासून सगळे सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्याला फोन आला. पऱ्हाटीचा भुगा करून नेणारा मशीनवाला होता. शेजारच्या दोन-तीन शेतांत त्याचे काम चालू होते. पऱ्हाटी कशाला नेतो हे भावाने विचारले नाही. क्विंटलला काय देणार आणि शेतापासून रस्त्यापर्यंतची वाहतूक कोणाकडे, एवढेच विचारले. पलीकडून पहिल्याचे उत्तर आले. दुसऱ्याचे काही येईना, तेव्हा तो फोन कानाला तसाच धरून अंगणात गेला.